शेवाळातलं औषध, औषधातलं शेवाळ

समुद्री शेवाळातून कॅन्सरवरची नवी औषधं शोधली जात आहेत, अशी एक छोटी चौकट मागच्या अंकात छापली होती. चौकट जेमतेम दीडशे शब्दांची, पत्रं मात्र गठ्ठ्याने आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता दर पंधरा दिवसांनी केमो चालू आहे. पुतण्याने जपानहून फ्युकॉयडनच्या कॅप्सूल आणल्यात. शेवाळाच्या आहेत, साइड इफेक्ट नाहीत, म्हणतो. सुरू करू का? डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना विचारलेलं नाही. (डोंबिवली)

उत्तर : तूर्त सुरू करू नका. बाटली तशीच पिशवीत घाला आणि पुढच्या केमोच्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रागावले तर रागावू देत. न सांगता दिलेली कॅप्सूल रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. मग रिपोर्ट बिघडला की दोष केमोवर जातो आणि चांगला चाललेला डोस कमी केला जातो.

फ्युकॉयडन म्हणजे तपकिरी शेवाळाच्या पेशीभिंतीतला बुळबुळीत पदार्थ. स्वीडनमधल्या उप्सालाच्या क्यूलिन या शास्त्रज्ञाने तो १९१३ मध्ये पहिल्यांदा वेगळा केला. ओहोटीला खडकावरचं सरगॅसम हे तपकिरी शेवाळ बोटांत चोळलं की जो चिकटपणा लागतो, त्यात याचाही वाटा असतो. फ्युकोज नावाच्या साखरेची लांब साखळी आणि तिला जागोजागी लागलेलं सल्फेट, अशी त्याची घडण. नेमकी हीच गोष्ट अडचणीची आहे. रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिनही सल्फेट लागलेल्या साखरेची साखळीच आहे आणि प्रयोगशाळेत फ्युकॉयडनही रक्त गोठायचा वेळ वाढवतं. तोंडाने घेतल्यावर त्यातलं फार थोडं रक्तात पोचतं, हे खरं. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला नेहमी दिल्या जाणाऱ्या ऑक्झालिप्लॅटिनने प्लेटलेट उतरतात. काहींना पायातल्या गुठळीसाठी रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतात. अशा माणसाला वरून आणखी एक रक्त पातळ करणारी वस्तू, तीही किती मुरते याचा भरवसा नसलेली, हा जुगार आहे.

फायद्याचं म्हणाल तर जपानमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या, पुढच्या टप्प्यातल्या २० रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. फ्युकॉयडन घेतलेल्यांना थकवा कमी जाणवला. कॅन्सर त्याने बरा झाला, असं त्यातून निघत नाही. ऑस्ट्रेलियात स्तनांच्या कॅन्सरच्या २० रुग्णांना लेट्रोझोल किंवा टॅमोक्सिफेनच्या जोडीला ५०० मिलिग्रॅम फ्युकॉयडन दिवसातून दोनदा, असं तीन आठवडे दिलं. मूळ औषधाची रक्तातली पातळी त्याने फारशी हलली नाही. ही दिलासा देणारी गोष्ट आहे, पण त्या दोन गोळ्यांपुरती. ऑक्झालिप्लॅटिनला ती लावता येत नाही.

डॉक्टरांकडे जाताना लेबलवरच्या चार गोष्टी पाहून ठेवा. शेवाळाचं शास्त्रीय नाव दिलंय का. एका कॅप्सूलमध्ये फ्युकॉयडन किती मिलिग्रॅम आहे. पुष्कळ बाटल्यांवर ‘शेवाळाची पूड ५०० मिलिग्रॅम’ एवढंच असतं, त्यात फ्युकॉयडन किती हे गुलदस्त्यात. आयोडीन किती. आणि आर्सेनिकची तपासणी केल्याचा उल्लेख आहे का. हिजिकी नावाच्या जपानी शेवाळात विषारी आर्सेनिक इतकं सापडलं की ब्रिटनच्या अन्न खात्याने २००४ मध्ये ते खाऊच नका असं सांगितलं. कॅप्सूल दोन-चार दिवस दिल्या गेल्या असतील आणि हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शी दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा.

प्रश्न : शेवाळापासून बनलेलं एखादं औषध आज खरोखर रुग्णाला मिळतंय का? की सगळं ‘भविष्यात’च? (सांगली)

उत्तर : मिळतंय. ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन हे त्याचं नाव. अमेरिकेत त्याला ऑगस्ट २०११ मध्ये मंजुरी मिळाली, हॉजकिन लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर आणि आणखी एका प्रकारच्या लिम्फोमासाठी. नावातल्या ‘व्हेडोटिन’ या शेपटाचा उगम समुद्रात आहे, आणि तो माग काढण्यासारखा आहे.

अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज रॉबर्ट पेटिट १९७० च्या दशकापासून हिंदी महासागरातल्या एका मोठ्या, बाहेर शंख नसलेल्या गोगलगायीच्या मागे होते. डोलाबेला ऑरिक्युलारिया हे तिचं नाव, आणि डोक्यावरच्या कानासारख्या शिंगांमुळे या गटाला समुद्री ससे म्हणतात. तिच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मरत होत्या, पण त्यातलं नेमकं काय मारतंय हे सापडायला दीड दशक गेलं. कारण साधं होतं. टनभर गोगलगायी उपसल्या तेव्हा जो पदार्थ हाती आला तो तीस मिलिग्रॅमच्या आसपास. चिमूटभर मिठाच्या दहाव्या हिश्श्याएवढा! १९८७ मध्ये त्याची रचना जाहीर झाली, नाव डोलास्टॅटिन १०. दोन वर्षांनी तो पदार्थ प्रयोगशाळेत बनवता आला, आणि गोगलगायी सुटल्या.

यात शेवाळ कुठे आलं? समुद्री ससा दिवसभर शेवाळ चरतो. २००१ मध्ये पालाऊ बेटांजवळ गोळा केलेल्या सिम्प्लोका या सूक्ष्म नीलहरित शेवाळात तेच डोलास्टॅटिन १० थेट सापडलं, आणि गोगलगायीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. म्हणजे गोगलगाय ते बनवत नव्हती, खाल्लेल्या विषाचा साठा करत होती. शास्त्राच्या काटेकोर भाषेत हे नीलहरित शेवाळ बॅक्टेरियाच्या कुळातलं. वनस्पतिशास्त्राचे शिक्षक इथे आम्हाला अडवतील, म्हणून हे आधीच कबूल करतो.

पुढे मात्र डोलास्टॅटिन १० आपटलं. नुसतं शिरेतून दिलं की पांढऱ्या पेशी घसरत, हातापायांना मुंग्या येत, आणि सोसेल एवढ्या डोसमध्ये गाठी हटत नसत. विष जालीम होतं, पण त्याला पत्ता माहीत नव्हता. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत फेरफार करून एमएमएई नावाचा भाऊबंद बनवला आणि तो एका प्रतिपिंडाला बांधला. हॉजकिनच्या पेशींवर सीडी ३० नावाची खूण असते. प्रतिपिंड ती खूण शोधतं, पेशी त्याला आत ओढून घेते. आतल्या एन्झाइमने दुवा कापला गेला की एमएमएई सुटं होतं आणि पेशी विभागताना जे ट्युब्युलिनचे धागे लागतात, त्यांची जुळणी मोडतं. एका प्रतिपिंडावर सरासरी चार रेणू बसवलेले असतात.

स्वतःच्या मूळपेशी परत देण्याचा उपचार होऊनही आजार उलटलेल्या हॉजकिनच्या १०२ रुग्णांवर याची निर्णायक चाचणी झाली. ७५ टक्क्यांमध्ये आजार लक्षणीय मागे हटला, ३४ टक्क्यांमध्ये तपासणीत दिसेनासा झाला. एकट्याने देताना डोस वजनाच्या दर किलोला १.८ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, आणि वजन कितीही असलं तरी १८० मिलिग्रॅमच्या वर नाही. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १०८ मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅमच्या तीन बाटल्या फोडाव्या लागतात. हातापायांच्या मुंग्या इथेही सुटल्या नाहीत. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळायला लागली तर ‘केमोत एवढं चालायचंच’ म्हणून गप्प बसू नये. डोस कमी करून किंवा लांबवून हे आवरता येतं. ब्लिओमायसिन या जुन्या औषधाबरोबर ते देत नाहीत, फुप्फुसांना सूज येते.

हेच एमएमएई वेगवेगळ्या प्रतिपिंडांना बांधून पुढे पोलाटुझुमॅब व्हेडोटिन आणि एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन २०१९ मध्ये, तर टिसोटुमॅब व्हेडोटिन २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. यातल्या कुठल्याही बाटलीत शेवाळाचा कणही नाही. सगळं कारखान्यात बनतं. समुद्राने दिला तो नकाशा.

प्रश्न : दरवर्षी पेपरात ‘शेवाळात सापडलं कॅन्सरवर औषध’ अशी बातमी येते. मग ती औषधं जातात कुठे? कंपन्या दाबून टाकतात का? (ठाणे)

उत्तर : दाबायला आधी हातात काही यावं लागतं. हॅलोमॉनचं काय झालं ते बघा.

पोर्टिएरिया हॉर्नमॅनी हे लालसर, नाजूक फांद्यांचं शेवाळ. फिलिपिन्समधल्या बाटान बेटावरच्या नमुन्यातून अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये हॅलोमॉन जाहीर केलं. दहा कार्बनचा चिमुकला रेणू, पण त्यात दोन ब्रोमीन आणि तीन क्लोरीन. समुद्राच्या पाण्यात हे हॅलोजन मुबलक, म्हणून जमिनीवरच्या झाडांना न सुचणारी अशी रसायनं शेवाळ बनवतं, बहुधा चरणाऱ्या माशांना दूर ठेवायला. संस्थेच्या साठ पेशीप्रकारांच्या चाळणीत मेंदू, मूत्रपिंड आणि आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर त्याचा मारा जास्त दिसला, रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर कमी. असा निवडक मारा क्वचितच दिसतो, म्हणून प्राण्यांवरच्या चाचण्यांसाठी ते निवडलं गेलं.

आणि मग माल मिळेना. पुन्हा जाऊन शेवाळ आणलं, तर कधी हॅलोमॉन थोडंसं, कधी अजिबात नाही, कधी भलतंच काही. एका खडकावरच्या शेवाळाचं रसायन शेजारच्या खडकावर जुळत नव्हतं. पुढे कळलं की एकाच शेवाळाच्या जीवनचक्रातल्या निरनिराळ्या टप्प्यांचंही रसायन वेगळं असतं. शिवाय २०१३ मध्ये डीएनए तपासल्यावर लक्षात आलं की फिलिपिन्समध्ये ज्याला एकच पोर्टिएरिया समजत होते, ती डोळ्यांना सारखी दिसणारी २१ वेगवेगळी शेवाळं आहेत! उंदरांमध्ये दिलं तर ते भराभर चरबीत जाऊन बसायचं. जे गाठीपर्यंत पोचायला हवं होतं, ते पोटाच्या घेरात अडकलं.

काहालालाइड एफ या दुसऱ्या रसायनाची तऱ्हा आणखी निराळी. हवाईच्या किनाऱ्यावरच्या एका समुद्री गोगलगायीत ते १९९३ मध्ये सापडलं. ती ब्रायोप्सिस हे हिरवं शेवाळ खाते, म्हणून श्रेय शेवाळाला गेलं. २०१९ मध्ये उलगडलं की शेवाळाच्या आत राहणारा एक बॅक्टेरिया ते बनवतो. रुग्णांवर दुसऱ्या टप्प्यापर्यंतच्या चाचण्या झाल्या, पुरेसा गुण दिसला नाही, थांबल्या.

तेव्हा बातमी वाचताना शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवा. ‘पेशींवर’ लिहिलंय, ‘उंदरांवर’ लिहिलंय की ‘रुग्णांवर’? नव्वद टक्के वेळा पहिला शब्द निघेल. हा टक्का आमच्या अंदाजाचा, शास्त्राचा नव्हे.

प्रश्न : मी एम.एस्सी.ला आहे. प्रकल्पासाठी सरगॅसमचा मिथेनॉल अर्क काढून हेला या कॅन्सरच्या पेशींवर एमटीटी ही जिवंत पेशी मोजायची चाचणी केली. आयसी ५०, म्हणजे वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा, मिलिलिटरला २५० मायक्रोग्रॅम आली. पण तीन वेळा केलं तर तीन वेगळे आकडे. प्रबंधात ‘कॅन्सरविरोधी गुणधर्म’ असं लिहू का? (रत्नागिरी)

उत्तर : लिहू नका. ‘या मात्रेला हेला पेशींची वाढ निम्म्यावर आली’ एवढंच लिहा, तेही आकडे जुळल्यावर. कच्च्या अर्काचा आयसी ५० साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत आला तर त्याच्या मागे लागायची पद्धत आहे. २५० चा अर्थ हिशोबाने बघा. माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त धरलं, तर नुसत्या रक्तात ती मात्रा गाठायला सव्वा ग्रॅम अर्क लागेल, तोही सगळाच्या सगळा मुरला आणि यकृताने हात लावला नाही तर.

आता आकडे का जुळत नाहीत, ते किनाऱ्यापासून पाहू.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी सर्वांत खाली जाते, तेव्हा खडकाचा खालचा पट्टा उघडा पडतो. त्याच वेळी, एकाच पट्ट्यातून, एकाच दिवशी गोळा करा. ऑक्टोबरातलं कोवळं सरगॅसम आणि फेब्रुवारीतलं बीजधारणेला आलेलं सरगॅसम यांचा अर्क एक नाही. उपटू नका, बुडखा ठेवून कात्रीने कापा, म्हणजे पुन्हा फुटेल. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून राखीव आहे, तिथून काडीही वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय उचलायची नाही. एक पूर्ण रोप दाबून वाळवून हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, जमा करा आणि त्याचा क्रमांक प्रबंधात द्या. त्याशिवाय तुम्ही नक्की काय तपासलं, हे उद्या कुणीच सांगू शकणार नाही.

जागेवरच समुद्राच्या पाण्यात धुवा. सरगॅसमच्या हवेच्या फुगीर गोळ्यांवर आणि पानांच्या बेचक्यात बारीक लाल शेवाळ, किडे, चुन्याच्या नळ्या चिकटलेल्या असतात. मऊ ब्रशने काढा, नाहीतर तुमचा अर्क चार जीवांची मिसळ होईल. घरी आणून गोड्या पाण्यातून झटपट काढा. भिजत ठेवलंत तर विरघळणारे पदार्थ पाण्याबरोबर मोरीत जातात. सावलीत वाळवा, मग ४० अंशांच्या ओव्हनमध्ये. दहा किलो ओल्याचं एक-दीड किलो वाळकं होतं, त्यामुळे आणतानाच हिशोबाने आणा. १०० ग्रॅम पूड, लिटरभर मिथेनॉल, २४ तास अधूनमधून हलवत; गाळून पुन्हा ताजं मिथेनॉल, असं तीनदा. रोटरी इव्हॅपोरेटरचं पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नका.

बाटलीच्या तळाशी पांढरे खडे दिसले का? ते मीठ. मिथेनॉलमध्ये मीठ थोडंफार उतरतंच. ते अर्काच्या वजनात धरलंत तर तुमची प्रत्येक मात्रा चुकली, आणि दर वेळी वेगळी चुकली. अर्क पाण्यात कालवून आधी हेक्झेनने, मग इथाइल ॲसिटेटने विभागा. मीठ पाण्यात राहतं, हेक्झेनबरोबर बरंचसं क्लोरोफिल आणि चरबी निघून जाते. चाचणीला इथाइल ॲसिटेटचा भाग वेगळा घ्या.

आता प्लेट. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवताना साठा किती दाट केलात? मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असेल, तर २५० मायक्रोग्रॅमच्या मात्रेला विहिरीत (प्लेटमधल्या खळग्यात) सव्वा टक्का डीएमएसओ जातो. तेवढ्याने पेशी आपसूकच आजारतात. साठा ५० चा करा, म्हणजे अर्धा टक्का होईल. अर्क न घातलेल्या विहिरींतही तेवढाच डीएमएसओ घाला.

९६ विहिरींच्या प्लेटमध्ये दर विहिरीला ५ ते १० हजार पेशी, २४ तास चिकटायला द्यायचे, मग ४८ किंवा ७२ तास अर्क. कडेच्या विहिरींतलं पाणी उडतं, तिथे नुसतं माध्यम भरा, मोजणी आतल्या विहिरींत करा. तुमच्या तीन आकड्यांपैकी एक तरी कडेच्या विहिरींनी बिघडवला असणार.

शेवाळाचा खास घोटाळा पुढे आहे. एमटीटी हा पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करते, आणि जांभळेपणा ५७० नॅनोमीटरला मोजून जिवंत किती ते ठरवतात. पण सरगॅसममधली फ्लोरोटॅनिन पेशींच्या मदतीशिवायच पिवळ्याचं जांभळं करतात. मेलेली विहीर जिवंत दिसते. उलटही घडतं: हीच टॅनिन माध्यमात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेशी त्या पेरॉक्साइडने मरतात, जे शरीरात होणारच नाही. त्यात अर्काचा तपकिरी-हिरवा रंग स्वतःच प्रकाश शोषतो. उपाय असे: प्रत्येक मात्रेची एक विहीर पेशींशिवाय ठेवा आणि तिचं वाचन वजा करा. एमटीटी घालण्याआधी अर्काचं माध्यम काढून पेशी बफरने हलक्या हाताने धुवा. एका संचात माध्यमात कॅटॅलेज एन्झाइम घाला. मारा नाहीसा झाला तर तो पेरॉक्साइडचा होता. जोडीला सल्फोरोडामाइन बी ही दुसरी चाचणी करा. ती पेशींमधलं प्रथिन रंगवते, टॅनिनना एवढी फसत नाही.

डॉक्सोरुबिसिन किंवा सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमो औषधाची एक रांग दर प्लेटला हवीच. तिचा आकडा नेहमीसारखा आला नाही तर ती अख्खी प्लेट बाद, अर्काचा आकडा कितीही देखणा असो. आणि एक निरोगी पेशीप्रकार घ्या. हेला आणि निरोगी पेशी सारख्याच मात्रेला मरत असतील, तर तुम्हाला औषध नव्हे, जंतुनाशक सापडलंय.

प्रश्न : वडील तंबाखू खातात. गालाच्या आत पांढरा चट्टा आला आहे. स्पिरुलिनाच्या गोळ्यांनी जातो असं ऐकलं. ते समुद्री शेवाळच ना? (लातूर)

उत्तर : समुद्री नाही. स्पिरुलिना खारट, अल्कधर्मी तळ्यांत आणि टाक्यांत वाढणारं नीलहरित शेवाळ आहे. पण ऐकलंत त्यात तथ्याचा धागा आहे. केरळमध्ये तंबाखू खाणाऱ्यांच्या अशा चट्ट्यांवर एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज एक ग्रॅम, वर्षभर. स्पिरुलिना घेतलेल्या ४४ पैकी २० जणांचा चट्टा पूर्ण गेला. न घेतलेल्या ४३ पैकी ३ जणांचा. पुढची ओळ कुणी सांगत नाही. गोळ्या थांबवल्यावर वर्षाच्या आत त्या २० पैकी ९ जणांना चट्टा पुन्हा आला. पुढे कॅन्सर टळला का, हे दाखवण्याइतका अभ्यास मोठा नव्हता.

वडिलांना या आठवड्यात मुखरोग पाहणाऱ्या दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. दोन आठवड्यांत न गेलेला कुठलाही चट्टा तपासायचाच, आणि त्यात लाल ठिपके असतील, बोटाला कडक लागत असेल, तोंड कमी उघडत असेल तर घाई करा. तुकडा काढून तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करू नका. चट्टा फिका पडेल, घरचे निर्धास्त होतील आणि आत चाललंय ते चालत राहील. तंबाखूची पुडी खिशात ठेवून स्पिरुलिना घेणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

प्रश्न : आईला थायरॉइडच्या कॅन्सरनंतर रेडिओआयोडीन द्यायचं आहे. शेवाळ खाऊ नका असं सांगितलं. आम्ही कोकणस्थ असलो तरी शेवाळ कुठे खातो! (पुणे)

उत्तर : खाता, नकळत. चायना ग्रास म्हणजे शेवाळातला आगर. जेली, पुडिंग, बर्फी यांत तो असतो. आइस्क्रीम आणि चॉकलेट दुधातलं कॅराजिनन, पाकिटावर ई ४०७, तेही लाल शेवाळाचंच. रेडिओआयोडीनच्या आधी एक-दोन आठवडे आयोडीन दिवसाला ५० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, म्हणजे उपाशी राहिलेल्या थायरॉइडच्या पेशी औषधातलं आयोडीन अधाशासारखं ओढतात. कोंबूसारख्या शेवाळाच्या एका वाळक्या ग्रॅममध्ये दोन हजार मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन असू शकतं. एक वाटी सूप आणि सगळी तयारी पाण्यात. आयोडीनयुक्त मीठ, समुद्री मीठ, मासे, दूध, अंड्याचा बलक, आणि केकवरच्या लालभडक चेरीसुद्धा टाळा. तिच्या एरिथ्रोसिन रंगात आयोडीन असतं. मीठ कोणतं वापरायचं, ते इस्पितळाच्या यादीप्रमाणेच.

प्रश्न : कॅराजिननने कॅन्सर होतो, असा मेसेज फिरतोय. (नाशिक)

उत्तर : दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत. खाद्यपदार्थांतलं कॅराजिनन जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ‘वर्गीकरण करता येत नाही’ या गटात ठेवलं आहे. ॲसिडने तोडून बारीक केलेलं कॅराजिनन ‘शक्यता आहे’ या गटात आहे, आणि ते खाण्यात वापरत नाहीत. आइस्क्रीम कमी खायचं असेल तर साखरेसाठी कमी खा.

प्रश्न : गावात एक माणूस येऊन गेला. समुद्री शेवाळ लावा, कॅन्सरच्या औषधासाठी कंपनी सगळं विकत घेईल, तराफ्यामागे आगाऊ पैसे भरा, म्हणाला. भरावे का? (देवगड)

उत्तर : कॅन्सरचं नाव निघालं तिथेच पैसे खिशात ठेवा. वर पाहिलंत, ते औषध कारखान्यात बनतं आणि मिलिग्रॅममध्ये दिलं जातं. त्याला तराफे लागत नाहीत. शेवाळाला खरी मागणी आहे ती कॅराजिनन, आगर, अल्जिनेट आणि पिकांवर फवारायच्या अर्कासाठी. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कप्पाफायकस हे कॅराजिननचं शेवाळ बारा फूट चौरस बांबूच्या तराफ्यावर लावतात, ४५ दिवसांत काढणी. ते नीट चालू शकतं, पण भाव औषधाचा नव्हे, कच्च्या मालाचा मिळतो.

कोकणात घोडं अडतं पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर लाटा तराफे फोडतात आणि खाडीच्या तोंडाशी पावसाचं पाणी खारटपणा उतरवतं. कप्पाफायकसला ते सोसत नाही. फांद्या पांढऱ्या पडून बर्फासारख्या तुटतात, त्या रोगाला आइस-आइस म्हणतात. म्हणजे आठ महिन्यांचं पीक, आणि दर ऑक्टोबरला नवं बियाणं. त्या माणसाला विचारा: पावसाळ्यात बियाणं कुठे ठेवणार? माल ओला घेणार की वाळका? वाळका असेल तर ओलावा किती टक्के चालेल आणि तो मोजणार कोण, कुठल्या यंत्राने? किलोचा भाव करारात लिहिलाय का? तराफ्याची जागा वापरायची परवानगी कुणाच्या नावावर आहे? उत्तरं कागदावर सहीनिशी मागा, आणि तो कागद मत्स्य विभागाच्या जिल्हा कार्यालयात दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.